सौर कॅमेरा पहाटेच का बंद पडतो: बॅटरी बदलण्याआधी करायच्या तपासण्या

घराचे अंगण, गोठा, गाडी लावायची जागा किंवा शेतातला आखाडा (शेतावरची राहण्याची जागा) यांवर नजर ठेवण्यासाठी लावलेला सौर कॅमेरा पहिले दोन-तीन महिने विनातक्रार चालतो आणि त्यानंतर नेमका रात्रीच बंद पडू लागतो, ही तक्रार परभणी आणि आसपासच्या तालुक्यांत मी इतक्या वेळा ऐकली आहे की फोनवरची पहिली दोन वाक्ये ऐकतानाच तिसरे काय असणार हे कळते. ते वाक्य बहुधा "बॅटरी गेली, नवी कुठे मिळेल?" असे असते. बहुतेक वेळा बॅटरी गेलेली नसते. माझ्या स्वतःच्या घरी मी हीच चूक केली होती. नवी बॅटरी मागवली, बसवली, आणि वीस दिवसांनी तीही रिकामी झाली, कारण दोष बॅटरीत नसून वरच्या छज्ज्यात होता. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

हे लिखाण आत लिथियम-आयन बॅटरी असलेल्या आणि ३ ते १० वॅटचे छोटे पॅनेल जोडलेल्या कॅमेऱ्यांपुरते आहे. मोठे पॅनेल आणि १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असलेले, चोवीस तास चित्रण करणारे संच यांची रचना निराळी असते, त्यामुळे इथली आकडेवारी त्यांना लावू नये.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे: कॅमेरा रात्री अकरा-बारापर्यंत चालू असतो, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान ॲपवर ऑफलाइन दिसू लागतो आणि ऊन चढले की कोणी हात न लावता पुन्हा चालू होतो. दुसऱ्या प्रकारात तो एकदम बंद पडत नाही. बॅटरीची टक्केवारी रोज तीन-चार अंकांनी खाली सरकत राहते आणि पंधरा-वीस दिवसांनी कॅमेरा मान टाकतो. तिसरे लक्षण उन्हाळ्यातले आहे. बाहेर डोळे दिपवणारे ऊन असते, तरीही ॲपमध्ये चार्जिंगचे चिन्ह दिसत नाही. चौथ्यात बॅटरी नव्वद टक्के असते आणि तरीही कॅमेरा तासन्‌तास ऑफलाइन राहतो. पाचव्यात कॅमेरा चालू असतो, मोबाइलवर सूचनाही येते, मात्र चित्रणात रिकामे अंगण किंवा फाटकाबाहेर पडणाऱ्या माणसाची पाठ तेवढी दिसते.

पहिली तीन लक्षणे विजेच्या जमाखर्चाची आहेत, चौथे नेटवर्कचे आणि पाचवे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचे. आपले लक्षण कोणत्या गटातले आहे हे ठरवल्याशिवाय शिडी काढू नये आणि काही विकत तर मुळीच घेऊ नये.

सुरुवात वहीपासून

पहिल्या तपासणीला एक पैसाही लागत नाही. सलग पाच दिवस संध्याकाळी सहा वाजता आणि सकाळी सहा वाजता ॲपमधली बॅटरीची टक्केवारी वहीत लिहावी आणि त्या दिवशी ऊन होते की आभाळ, एवढी नोंद शेजारी करावी. संध्याकाळ ते सकाळ जेवढी घट होते तो रात्रीचा खर्च, आणि सकाळ ते संध्याकाळ जेवढी वाढ होते ती दिवसाची जमा. समजा संध्याकाळी ८२ टक्के, सकाळी ७४ आणि पुन्हा संध्याकाळी ७८ असे आकडे आले, तर रात्री आठ खर्च होऊन दिवसा फक्त चार भरून निघत आहेत. अशा कॅमेऱ्याला कितीही चांगली बॅटरी बसवली तरी तीन आठवड्यांत ती रिकामी होणारच. रात्रीची घट एक-दोन टक्के असून दिवसाची वाढ शून्य असेल, तर दोष पॅनेलच्या बाजूला आहे. रात्रीची घट पंधरा-वीस टक्के असेल, तर पॅनेलला दोष न देता खर्च शोधावा. ही वही मी प्रत्येकाकडे मागतो, आणि खरे सांगायचे तर निम्मी दुरुस्ती वही पाहूनच होते.

कॅमेरा पहाटेच का बंद पडतो, याचे उत्तरही इथेच आहे. ऊन मावळल्यावर सुरू झालेला खर्च पहाटेपर्यंत साठत आलेला असतो, हे एक कारण. दुसरे असे की ॲपवरची टक्केवारी बॅटरीच्या व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो. लिथियम-आयन सेल भरलेला असताना ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, बराच काळ ३.७ च्या आगेमागे रेंगाळतो आणि शेवटी झपाट्याने घसरतो. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते. अशा थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, आणि रात्रीच्या चित्रणासाठीचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा लागताच व्होल्टेज क्षणभर इतके खाली येते की पंधरा टक्के दाखवणारा कॅमेराही बंद होतो. म्हणून वीस टक्के हा आकडा मी शून्यासारखाच मानतो.

पॅनेलची काच आणि लेन्स

आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की मळणीयंत्राचा भुसा अर्ध्या गावावर उतरतो. त्यानंतर तुरीचा हंगाम, मग उन्हाळ्यातली वावटळ आणि काळ्या मातीची बारीक धूळ. जमिनीवरून पाहिले तर पॅनेल काळेच दिसते, त्यामुळे ते स्वच्छ आहे असा समज होतो. बोट फिरवल्यावर खरा रंग कळतो. लहान पॅनेलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातल्या पक्ष्याच्या विष्ठेने केवळ तेवढा कोपरा वाया न जाता संपूर्ण पॅनेलचा प्रवाह अडतो. पाऊस पडून गेला, आता धुवायची गरज नाही, हेही खरे नाही, कारण पहिल्या हलक्या सरीने धुळीचा चिखल होऊन तो खालच्या कडेला साचतो.

पॅनेल सकाळी थंड असताना मऊ कपड्याने पुसावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती महत्त्वाची आहे: बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि ते पॅनेलवर वाळू दिले तर पांढरा थर चढतो, जो पुढे धुळीपेक्षा चिवट ठरतो. पावसाचे साठवलेले किंवा फिल्टरचे तांब्याभर पाणी पुरते. बोअरचेच वापरायचे असेल तर ते लगेच कोरड्या कपड्याने टिपून घ्यावे.

शिडी लावलीच आहे तर लेन्स आणि तिच्या खालची गोलसर पांढरी सेन्सरची खिडकीही पुसावी. रात्रीच्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि जाळे लेन्ससमोर हलू लागले की काही कॅमेरे रात्रभर चित्रण करत बसतात.

सावली, दिशा आणि छज्जा

आता माझ्या छज्ज्याची गोष्ट. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून लावावे हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मी ऐकला होता, म्हणून दक्षिण भिंतीवर, छज्ज्याखाली, जवळजवळ उभे असे पॅनेल मी बसवले. डिसेंबरात ते उत्तम चालले, कारण त्या काळात परभणीच्या आकाशात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४७ अंशांवर असतो आणि ऊन छज्ज्याखाली आत शिरते. परंतु परभणी उत्तर अक्षांश १९ अंशांच्या थोडी वर आहे. सूर्य मे महिन्याच्या मध्यानंतर आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परत येतो. शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो तो यामुळेच. या दोन महिन्यांत दक्षिणेकडच्या उभ्या भिंतीवर सूर्यकिरण थेट पडतच नाहीत, छज्जा असो वा नसो. म्हणजे ज्या काळात दिवस सर्वांत मोठा असतो, त्याच काळात माझे पॅनेल दिवसभर सावलीत होते, आणि मी मात्र बॅटरीला दोष देत होतो.

त्यामुळे पॅनेल भिंतीला चिकटवून उभे ठेवू नये. छताच्या कठड्यावर, पत्र्याच्या शेडच्या कडेला किंवा स्वतंत्र पाइपवर ते दक्षिणेकडे सुमारे वीस अंश कललेले असावे, जेणेकरून वर्षभर ऊन मिळेल आणि पावसाचे पाणी धूळ घेऊन खाली उतरेल. पावसाळ्यातही हीच मांडणी कामी येते, कारण आभाळ भरलेले असताना उजेड एका दिशेने न येता साऱ्या आकाशातून येतो, आणि भिंतीवरच्या उभ्या पॅनेलला त्यातले अर्धेच आकाश दिसते.

सावली पाहण्यासाठी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीन अशा तीन वेळा पॅनेलचा फोटो काढावा. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान, म्हणून बाराचा हट्ट धरू नये. अंगणातला लिंब, टाकीचा स्टँड, डिश अँटेना, वाळत घातलेली गोधडी, यांपैकी काहीही पुरेसे असते. एका नातेवाइकांकडे महिनाभर कारण सापडत नव्हते. शेवटी कळले की पॅनेलच्या वरच्या तारेवर रोज सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत गोधड्या वाळत घातल्या जात होत्या. तपासणी पुन्हा ऋतू बदलल्यावर करावी, कारण मार्गशीर्षात उन्हात असलेली जागा आषाढात उन्हात असेलच असे नाही.

उन्हाळ्यात भर उन्हात चार्जिंग थांबणे

तिसऱ्या लक्षणाविषयी लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर तापला की तो चार्ज करणे असुरक्षित असते, आणि चांगल्या कॅमेऱ्यातील संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंग स्वतःहून थांबवते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात सावलीतले तापमानच ४२-४३ अंशांवर जाते. पश्चिम भिंतीवर उन्हात बसवलेल्या कॅमेऱ्याच्या डब्यात ते याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे सकाळी सात ते दहा चार्जिंग होते, नंतर थांबते आणि संध्याकाळी डबा निवेपर्यंत ऊन मावळलेले असते. हा बिघाड नाही. सकाळी आठला चार्जिंगचे चिन्ह दिसते आणि दुपारी दोनला दिसत नाही, एवढे पाहिले की निदान झाले.

उपाय सोपा आहे: पॅनेल उन्हात आणि कॅमेरा सावलीत. ज्यांचे पॅनेल कॅमेऱ्याच्या डोक्यावरच घट्ट बसवलेले असते त्यांना हे करता येत नाही, म्हणून आपल्या भागासाठी नवा कॅमेरा घेताना वायरने वेगळे होणारे पॅनेल असलेलाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सतत तापणारी बॅटरी लवकर म्हातारी होते, हा यातला दुसरा आणि अधिक महागडा मुद्दा.

खर्च कुठे होतो आहे

वहीत रात्रीची घट मोठी दिसत असेल तर सेटिंगकडे वळावे. यामागचा हिशेब एकदा समजला की पुढचे सोपे जाते. दहा हजार मिलिॲम्पिअर-तासांची, ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे ३७ वॅट-तास. कॅमेरा झोपेत असताना फारच थोडी वीज घेतो, पण चित्रण आणि प्रक्षेपण सुरू असताना एक ते दोन वॅट घेतो. म्हणजे तो सतत जागा राहिला तर एका दिवसात पूर्ण बॅटरी संपते. चार वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी, नुकसान वजा जाता, बारा-चौदा वॅट-तास देते; श्रावणातल्या झाकोळलेल्या दिवशी दोन-तीनही कठीण. हे कॅमेरे बहुतेक वेळ झोपलेले राहतील आणि कोणी आल्यावरच जागे होतील, या गृहीतकावरच बनवलेले असतात. त्यांना जागे ठेवणाऱ्या गोष्टी शोधायच्या आहेत.

दिवसभरात किती सूचना आल्या ते ॲपमध्ये मोजावे. वीस-तीस असतील तर चिंता नाही. दीडशे-दोनशे असतील तर कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे आहे, हे न पाहता सांगता येते. जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारसायकली, मोकाट कुत्री, सकाळ-संध्याकाळ जाणारी जनावरे हे सारे उष्ण आणि हलणारे असल्याने सेन्सर प्रत्येक वेळी कॅमेऱ्याला उठवतो. कॅमेरा थोडा खाली झुकवून रस्ता चौकटीबाहेर काढावा, संवेदनशीलता एक पायरी कमी करावी आणि चित्रणाची लांबी दहा-पंधरा सेकंदांवर आणावी. असे केल्याने शेजाऱ्यांचे अंगणही चौकटीबाहेर जाते, जे नाही तरी तिथे नसायला हवे.

त्यानंतर रात्रीचे रंगीत चित्रण बंद करावे. रंग दिसण्यासाठी कॅमेऱ्याला पांढरा प्रखर दिवा लावावा लागतो आणि तो इन्फ्रारेडपेक्षा जास्त वीज खातो. दारासमोर ग्रामपंचायतीचा दिवा असेल तर गोष्ट वेगळी.

आणि थेट प्रक्षेपण. वसमतजवळच्या एका गावात सर्व काही तपासून मी हात टेकले होते. पॅनेल स्वच्छ, सावली नाही, सूचना मोजक्या. शेवटी घरच्या आजींनी सहज सांगितले, "पोरगा चाकणला आहे, त्याला करमत नाही, मग रात्री तो कॅमेरा लावून झोपतो." गावाकडचे अंगण मोबाइलवर सुरू ठेवून तो झोपायचा आणि इकडे कॅमेरा तासन्‌तास जागा राहायचा. त्याला कॅमेरा बंद करायला सांगणे मला काही जमले नाही. मी फक्त त्याच जागी दुप्पट वॅटचे पॅनेल आणि रात्री एक तासाची मर्यादा सुचवली. ॲप किती मोबाइलमध्ये आहे आणि कोण किती वेळ पाहते, हे घरात विचारून घ्यावे. पासवर्ड कोणाकोणाला दिला आहे हेही त्या निमित्ताने कळते, आणि खोक्यावर छापून आलेला मूळ पासवर्ड अजून तसाच असेल तर तो बदलून घ्यावा.

बॅटरी भरलेली, तरीही ऑफलाइन

घरच्या वाय-फायवर चालणारा कॅमेरा असेल तर प्रथम राउटर पाहावा. गावात वीज गेली की राउटर बंद होतो. कॅमेऱ्याकडे स्वतःची बॅटरी असते, पण बोलायला कोणी नसते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा) दोन-चार तास सहज काढतो. यातले बहुतेक कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झवरच जोडले जातात, त्यामुळे नवा राउटर आल्यावर दोन्ही बँडला (२.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ) एकच नाव दिले गेले असेल तर जोडणी अडते. पत्र्याची शेड आणि लोखंडी फाटक लहरी अडवतात हेही लक्षात ठेवावे. मधे पत्रा असेल तर कॅमेरा एक-दोन हात बाजूला सरकवल्यानेही फरक पडतो.

आखाड्यावरच्या सिमकार्डाच्या कॅमेऱ्यात आधी रिचार्ज संपला आहे का ते पाहावे. हे लिहायला संकोच वाटतो, पण निम्म्या फेऱ्या मी यासाठीच मारल्या आहेत. रिचार्ज असेल तर ते सिम मोबाइलमध्ये घालून कॅमेऱ्याच्याच जागी, त्याच उंचीवर उभे राहून एखादा व्हिडिओ चालवून पाहावा. तो अडखळत असेल तर कॅमेराही अडखळणार. कमकुवत सिग्नलमध्ये कॅमेरा वारंवार नेटवर्क शोधतो आणि त्यात बॅटरी जाते, म्हणून चौथे लक्षण काही दिवसांनी पहिल्या लक्षणाचे रूप घेते. तिथे दुसऱ्या कंपनीचे सिम वापरून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सूचना येते पण चित्रण उघडत नाही, असे असेल तर मेमरी कार्ड बाहेर काढून पुन्हा बसवावे, आणि हवे असलेले चित्रण आधी उतरवून घेऊन ॲपमधूनच ते फॉरमॅट करावे. सतत पुसले आणि लिहिले जाणारे कार्ड कालांतराने संपते.

माणसाची पाठच दिसत असेल, तर सेन्सरचा स्वभाव समजून घ्यावा. तो उष्णतेतील फरक ओळखतो आणि समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणाऱ्याला लवकर पकडतो. फाटकाकडे सरळ तोंड करून न ठेवता कॅमेरा किंचित तिरपा लावावा. मे महिन्यात तापलेली फरशी आणि माणसाचे अंग यांत फरकच उरत नाही, त्यामुळे त्या दिवसांत दुपारी तो काही माणसे सोडून देतो. यावर सेटिंगमध्ये फारसा इलाज नाही.

वायर, पिन आणि पाणी

इथपासून थोडा खर्च आणि हातकाम लागते. पॅनेलची वायर कॅमेऱ्यात जिथे शिरते ती पिन काढून पाहावी. रबरी झाकण नीट बसले नसेल तर एका पावसाळ्यात पिनेवर हिरवट थर चढतो आणि चार्जिंग कधी होते, कधी होत नाही. थर हलका असेल तर कोरड्या ब्रशने तो निघतो. वायर वरून खाली सरळ कॅमेऱ्यात न आणता आधी थोडी खाली लोंबू देऊन मग वर घ्यावी, म्हणजे पाणी त्या वाकणावरून गळून जाते. खार आणि उंदीर वायर कुरतडतात. वायर पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपून पाहावी, नुसती नजर पुरत नाही.

पॅनेल दूर लावण्यासाठी वायर वाढवली असेल तर संशय तिथेच घ्यावा. पाच व्होल्टवर चालणाऱ्या पॅनेलला बारीक तारेची पाच मीटर लांबी जोडली, तर पूर्ण प्रवाहात अर्धा ते पाऊण व्होल्ट वाटेतच जातो, आणि कॅमेऱ्याला चार्जिंग सुरू करण्याइतका दाबच मिळत नाही. इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला जोड तर पावसाळ्यात हमखास दगा देतो. मिळाल्यास कंपनीचीच वाढीव वायर घ्यावी, नाही तर जाड तार वापरावी.

घरातल्या चार्जरवर कसोटी

वरचे सर्व करूनही फरक पडला नाही, तरच कॅमेरा खाली उतरवावा. मोबाइलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरने तो घरात, सावलीत, शंभर टक्के भरावा आणि पॅनेल न जोडता त्याच्या नेहमीच्या जागी तीन दिवस ठेवावा. टक्केवारी रोज तीन-चार अंकांनीच उतरत असेल, तर कॅमेरा आणि बॅटरी दोन्ही ठीक आहेत. दोष पॅनेलचा, वायरचा किंवा जागेचा आहे. सूचना मोजक्या असूनही बॅटरी एक-दोन दिवसांत संपत असेल, किंवा चार्जरवर ती अर्ध्या तासात 'पूर्ण' होऊन तितक्याच लवकर रिकामी होत असेल, तर बॅटरीची क्षमता खरोखर संपली आहे. आपल्याकडचे दोन-तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीबाबत हे अनपेक्षित नाही. चार्जरवरही ती अजिबात भरत नसेल, तर चार्जिंगचे सर्किट गेले असण्याची शक्यता अधिक, आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी भर उन्हात पॅनेलचे व्होल्टेज मोजावे; नाव ५ किंवा ६ व्होल्ट असलेले पॅनेल मोकळ्या टोकांना साधारण तेवढे किंवा थोडे अधिक दाखवते. परंतु या आकड्यावर विसंबू नये. धुळीने किंवा सावलीने व्होल्टेज फारसे पडत नाही, प्रवाह पडतो, त्यामुळे निकामी पॅनेलही मीटरवर निरोगी दिसते. पॅनेलची पिन यूएसबीची असेल तर मधे लावायचा छोटा यूएसबी मीटर घ्यावा. चार्जिंग सुरू असतानाच तो व्होल्ट आणि ॲम्पिअर दोन्ही दाखवतो. बॅटरी अर्धी रिकामी असताना, दुपारच्या उन्हात, चार वॅटच्या पॅनेलवर अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह दिसायला हवा. शे-दीडशे मिलिॲम्पिअरच येत असेल आणि काच स्वच्छ असेल, तर पॅनेल बदलावे. मल्टिमीटर ॲम्पिअरवर ठेवून तो बॅटरीच्या टोकांना किंवा घरच्या सॉकेटला कधीही लावू नये.

कुठे थांबावे

कॅमेऱ्याचा डबा फुगलेला किंवा शिवण उघडलेली दिसली, गोडसर किंवा जळका वास आला, किंवा कॅमेरा सावलीत असूनही हाताला चटका देत असेल, तर चार्जर जोडू नये, स्क्रू उघडू नये. तो घराबाहेर, चारा, सरपण आणि कापूस यांपासून दूर, मातीवर किंवा फरशीवर ठेवावा आणि तंत्रज्ञाला बोलवावे. फुगलेल्या लिथियम सेलला टोचणे किंवा दाबणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. बाजारातले सुटे सेल आणून जुन्या-नव्यांची जोडी जमवून बसवण्याचा मोहही टाळावा. असमान सेल एकमेकांत प्रवाह ढकलतात आणि तापतात. बदलायचीच झाली तर त्याच मॉडेलची, संरक्षक सर्किट असलेली बॅटरी घ्यावी आणि जुनी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे द्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

लेन्सच्या आत वाफ धरली असेल, वॉरंटी शिल्लक असेल, किंवा कॅमेऱ्याला घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरून ॲडॉप्टर जोडलेला असेल, तर तिथेही हात घालू नये. कॅमेरा विजेच्या खांबावर बसवला असेल तर तो तिथून काढणे हे आपले काम नाही, वायरमनचे आहे. मुळात तो तिथे बसवायलाच नको होता. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात, म्हणून ढग गडगडत असताना छतावर किंवा शिडीवर चढू नये, कॅमेरा त्या रात्री बंद राहिला तरी चालेल.

तंत्रज्ञाला फोन करताना चार गोष्टी तयार ठेवाव्यात: पाच दिवसांची वही, पॅनेलचे तीन वेळांचे फोटो, चार्जरच्या कसोटीचा निकाल आणि कॅमेऱ्याच्या मागे छापलेला मॉडेल क्रमांक. जिंतूरहून आलेल्या एका फोनवर हे सगळे तयार होते, आणि त्यांना काय बदलायचे ते सांगायला मला परभणीहून निघावेही लागले नाही. पॅनेलची पिन सैल होती.